धरून चाललेला आकडा

संध्याकाळचा भोंगा झाला की अर्ध्या तासात बाबा घरी यायचे. हातपाय धुऊन पाटावर बसले, की मी माझं गणिताचं पुस्तक त्यांच्या ताटाशेजारी नेऊन ठेवायची. मायला ते बिलकुल आवडत नसे. जेवताना माणसानं जेवावं, म्हणायची, आणि भात वाढताना मुद्दाम असं भांडं धरायची की वाफ पुस्तकावर जावी. भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, चेचभाजी, जवसाची चटणी, बहुतेक दिवस हेच. चेचभाजीची पानं शिजली की बुळबुळीत होतात, मला ती गिळवत नसे, म्हणून गणित वाचायच्या बहाण्यानं मी घास लांबवत बसायची. शाळा हिंदी, पारा, म्हणजे मोहल्ला, छत्तीसगडी आणि घर मराठी, त्यामुळे गणित मी हिंदीत वाचायची आणि बाबा ते मराठीत सोडवायचे. रायपूरमध्ये भंडाऱ्याकडून आलेल्या आमच्यासारख्या सगळ्या घरांत असंच चालायचं, त्यात कुणाला नवल वाटत नसे.

पुस्तकातली गणितं सगळी एकाच जातीची. एक काहीतरी माहीत नाही, बाकीचं दिलेलं आहे, नसलेलं शोधून काढा. बापाचं वय मुलाच्या तिप्पट आहे, दोघांचं मिळून अठ्ठेचाळीस, तर मुलाचं किती? मी वाचलं की बाबांचा घास हातातच थांबायचा. "पोराले दहा धरून चाल," ते म्हणायचे. "बाप तीस झाला. मिळून चाळीस. पाह्यजे किती? अठ्ठेचाळीस. आठ कमी पडले. पोराचं एक वाढलं त दोघायचे मिळून चार वाढते. आठाले दोन वाढव. पोरगा बारा." आणि घास तोंडात. मी मागे उत्तरं पाहायची, बारा. कधीच चुकले नाहीत हो. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, हिंदी अक्षर लावून लावून वाचायचा, सही करताना जीभ बाहेर काढायचा, पण अशा गणितात त्यांना पेनही लागत नसे.

ही रीत त्यांना कुठल्या गुरुजीनं शिकवली नव्हती. ते मालगाडीचे डबे दुरुस्त होतात त्या कारखान्यात होते. घण मारायचं काम, पण एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली त्यांनी डबा सारखा करायचंही काम शिकून घेतलं होतं. डबा एका बाजूला कलला, की त्या बाजूच्या स्प्रिंगखाली लोखंडाची पट्टी घालतात, तिला पॅकिंग म्हणतात. किती जाडीची घालायची हे आधी कुणाला ठाऊक नसतं. मिस्त्री म्हणायचा, कोणतीही एक घाल. डबा टेकव. अजून किती कललेला आहे ते मोज. पहिली पट्टी चुकणारच, चूक नीट मोजता आली की झालं. बाबांनी हेच डबा सोडून सगळ्याला लावलं. विहारात भोजनदान असलं की पाऱ्यातली माणसं आमच्या दारात यायची. मागच्या वर्षी इतकी पानं उठली, इतका तांदूळ लागला, यंदा लेकरं जास्त आहेत, तर किती टाकायचा? बाबा जरा वेळ भिंतीकडे पाहायचे आणि आकडा सांगायचे. भात उरला नाही, कमी पडला नाही. अशा वेळी माय दारात उभी राहून उगाच पदर सारखा करत राहायची. तिला त्याचा अभिमान होता, हे मला फार उशिरा कळलं.

मी आठवीत गेली आणि आमच्या पुस्तकात एक्स आला. मराठी पुस्तकात त्याला क्ष म्हणतात, ते मला पुढे कळलं. गणिताचे गुरुजी पुरानी बस्तीतून सायकलवर यायचे, कडक माणूस, धोतराला एक डाग नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, जे माहीत नाही त्याला एक्स म्हणा, आणि मग ते माहीत असल्यासारखं त्याच्याशी वागा. मला ते भारी आवडलं, पण पहिल्या चाचणीत मी घाईघाईत घरचीच रीत वापरली. एका संख्येत तिचं अर्धं आणि सात मिळवले तर चाळीस होतात, संख्या कोणती? मी सात काढून तेहतीस केले, वीस धरले, त्याचे तीस झाले, तीन कमी पडले, म्हणून दोन वाढवले. बावीस. उत्तर बरोबर होतं आणि गुरुजींनी शून्य दिलं. वही साऱ्या वर्गाला दाखवली आणि म्हणाले, "ये देखो, तुक्के से आया हुआ सही उत्तर. इससे तो गलत उत्तर अच्छा, अगर रीति से आया हो." पोट्ट्या हसल्या. मी पहिल्या बाकावर बसणारी, वर्गात पहिली येणारी पोट्टी. कान तापले होते माझे, घरापर्यंत निवले नाहीत.

त्या संध्याकाळी बाबा पाटावर बसले आणि त्यांनी आपणहून विचारलं, आज गणित नाही का? मी म्हटलं, आहे, पण तुमच्याच्यानं होणार नाही. ते हसले, म्हणाले, वाच त खरं. मग मी जे बोलली ते मला जसंच्या तसं आठवतं, विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला आहे. "बाबा, तुमचं गणित अडाण्याचं आहे. अंदाजपंचे. शून्य भेटते त्याले." माय चुलीपाशी होती, तिनं वळून पाहिलं. बाबांनी घास खाल्ला. पाणी प्यायले. मग म्हणाले, असन बाप्पा, शाळेतलं आम्हाले काय समजते. आणि जेवण पूर्ण करून उठले. तेव्हा मला वाटलं, चला, त्यांना पटलं. तेरा वर्षांची होती मी. तेराव्या वर्षी माणूस किती दुष्ट असतो, हे मी पुढे पस्तीस वर्षं वर्गात रोज पाहिलं आणि दर वेळी माझीच आठवण आली.

त्याच वर्षी कारखान्यात नोटीस लागली. स्टोअरमध्ये सामान देण्याघेण्यासाठी माणसं पाहिजे होती, घणवाल्यांतून घेणार होते, परीक्षा घेऊन. थोडं वाचन, थोडं लिहिणं आणि दहा गणितं. दहापैकी सहा बरोबर पाहिजेत. पंचेचाळीस वय झाल्यावर बसता येत नव्हतं आणि बाबांचं कागदावरचं चव्वेचाळीस सरत आलं होतं, म्हणजे त्यांच्यासाठी ही पहिली आणि हीच शेवटची. ती त्यांना किती हवी होती ते आम्हाला सांगावं लागत नव्हतं. डावा कान घणाच्या आवाजानं अर्धा गेला होता, माय डाव्या बाजूनं हाक मारायची तर ते पाहायचे नाहीत. उजवा खांदा थंडीत वर होत नसे, शर्ट चढवायला माय लागायची. कारखान्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं म्हटलं होतं, घण सोडा, नाही तर दुसराही कान जाईल. घण सोडा म्हणणं सोपं असतं. स्टोअरमध्ये खिडकी होती, खुर्ची होती, आणि तिथं आवाज नव्हता. माय त्या खुर्चीबद्दल असं बोलायची जसं काही ती आमच्या घरात येऊन पडणार आहे.

गणितं कशी येतात ते बाबांनी मागच्या खेपेच्या लोकांकडून विचारून आणलं. सगळी माझ्या पुस्तकातल्यासारखीच होती. बापाचं वय, मुलाचं वय, टाकीतलं पाणी, दोन मजुरांच्या टोपल्या. माय म्हणाली, मग झालंच की, हे तर तुमच्या हातचं काम. मी म्हटलं, नाही. परीक्षेत रीत लागते, तुक्का लागत नाही, मला ठाऊक आहे. परीक्षा दिलेली माणसं घरात मीच एक होती. बाबांनी मायकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "तू म्हणतं ते बरोबर आहे. तू शिकव मले."

दोन महिने मी शिकवलं. कारखान्यातून आले की चहा, आणि मग दारापुढच्या खाटेवर वही. बाबांची बोटं जाड, पेन्सिल त्यांच्या हातात काडीसारखी दिसायची, दोन वेळा तर टोक नाही, पेन्सिलच मोडली. "माना कि" लिहायला त्यांना जितका वेळ लागायचा तितक्यात त्यांचं उत्तर डोक्यात येऊन गेलेलं असायचं. मी तोंड पाहून ओळखायची. ओठ हलायचे आणि मी म्हणायची, सांगू नका, लिहा. एकदा त्यांनी हळूच विचारलं, जे माहीत नाही त्याले नाव काहून द्यायचं? एखादा आकडाच धरला त तो बोलते तरी आपल्याशी, किती चुकला ते सांगते. हा एक्स त काहीच सांगत नाही, मुका बसून राहते. आज कुणी लेकरानं मला असं विचारलं तर मी त्याला उचलून घेईन. तेव्हा मी म्हटलं, फालतू प्रश्न विचारू नका.

जमत होतं, नाही असं नाही. बेरजेची साधी गणितं एक्स घालून ते करू लागले. अडायचं ते एकाच जागी. एक्स दोन्हीकडे असला की. बरोबरच्या चिन्हाच्या या बाजूचं त्या बाजूला नेलं की अधिकाचं उणे होतं, हे त्यांच्या मनात उतरतच नसे. "पट्टी इकडून काढून तिकडं लावली त पट्टीच राह्यते न, ते खड्डा कशी होईन?" म्हणायचे. मी चार वेळा सांगितलं, दहा वेळा सांगितलं. मग मी गुरुजी झाली. गुरुजींसारखा आवाज, गुरुजींसारखी वही आपटणं. एका संध्याकाळी म्हटलं, तुम्हाला शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. शेजारच्या खाटेवर माणसं होती, ऐकलं त्यांनी. माय आतून आली आणि मला म्हणाली, कानामागून आली अन् तिखट झाली काय गं, त्यायले त्यायच्या रीतीनं करू दे. मी म्हटलं, करू दे, मग नापास झाले तर मला सांगू नको. बाबांनीच मायला आत पाठवलं. "तिले समजते ते तुले समजत नाही," म्हणाले, आणि वही पुन्हा मांडीवर घेतली.

या सगळ्यात अजून एक माणूस होता, देवांगन भैया. बाबांच्याच टोळीत घण मारायचा, त्यांच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, इथलाच छत्तीसगडी, हसरा माणूस. तोही परीक्षेला बसणार होता. संध्याकाळी कधी आमच्या खाटेजवळून जाताना थांबायचा, माझी वही वाकून पाहायचा आणि कानाला हात लावायचा. मला तो अडाणी वाटायचा. याच्यापेक्षा तरी बाबा पुढे जातील, असा हिशोब मी मनाशी करून ठेवला होता.

परीक्षेसाठी मायनं पंडरीच्या कापडबाजारातून पांढरं कापड आणून शर्ट शिवून घेतला होता. कापड जरा कडकच होतं, काखेत टोचायचं. त्या सकाळी तिनं बासी वाढली, रात्रीचा भात पाण्यातला, कांदा आणि मिरची. पोट थंड तर डोकं थंड. मी दारात उभी राहून शेवटचं सांगितलं, बाबा, मनातलं उत्तर आलं तरी लिहू नका, आधी एक्स. ते म्हणाले, हव. छत्तीसगडी माणसाला उत्तर द्यावं तसं, हव. आणि उजवा हात न उचलता डाव्या हातानं माझ्या डोक्यावर थोपटून गेले.

दुपारी परत आले ते सरळ आंघोळीला बसले. मायनं विचारलं, कसा गेला? कठीण होता, म्हणाले. मी विचारलं, एक्सनं केली ना सगळी? सगळी केली, म्हणाले. मला बरं वाटलं. खरं सांगते, त्या क्षणी मला परीक्षेचं नाही, माझंच बरं वाटलं. मी शिकवलेलं त्यांनी केलं होतं. शर्ट त्यांनी स्वतःच धुतला आणि वाळत घातला. संध्याकाळी चेचभाजी होती. मी पुस्तक आणलं नाही, त्यांनी मागितलं नाही.

निकाल महिन्याभरानं फाटकाच्या फळ्यावर लागला. बाबा त्या दिवशी उशिरा आले आणि नेहमीसारखे हातपाय धुऊन बसले, त्यावरूनच मायला कळलं.  दहापैकी तीन, त्यांनीच सांगितलं. ज्यांत एक्स एकाच बाजूला होता तेवढी तीन. माय आत गेली, डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं, आणि बाहेर आली. तेवढ्यात देवांगन भैया आला. हातात पेढ्यांचा पुडा, पण पुडा असा लपवल्यासारखा धरला होता. त्याला आठ मिळाले होते. तो आत येईना, उंबऱ्यातच उभा. बाबा उठले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, पेढा घेतला, अर्धा स्वतः खाल्ला, अर्धा माझ्या हातावर ठेवला.

मग देवांगन भैया माझ्याकडे वळला. पोरीला इथं नोनी म्हणतात, तो मला तसंच म्हणायचा. त्याला काहीतरी चांगलं बोलायचं होतं बिचाऱ्याला. म्हणाला, "नोनी, हमको तो तुम्हारा एक्स-वेक्स कुछ नहीं आता. भैया ने ही सिखाया था खाने की छुट्टी में, धर के चलो वाला. वही लगा दिया सब में. वहाँ तो खाली उत्तर लिखना था न, साहब ने शुरू में ही बोल दिया था, रीति कोई नहीं देखेगा."

मी बाबांकडे पाहिलं. ते उंबऱ्याकडे पाहत होते. काय झालं ते देवांगन भैयाला कळलं असावं, तो पुडा मायच्या हातात देऊन निघून गेला. मी म्हटलं, बाबा, तुमचा पेपर कुठं आहे? ट्रंकेत आहे, म्हणाले. मी काढला. छापील कागद, प्रत्येक गणितापुढे उत्तरासाठी फक्त आकडा लिहा असं म्हटलेलं, उत्तरं वेगळ्या कागदावर द्यायची होती, हा घरी आणता येत होता. मागची कोरी बाजू बाबांनी कच्च्या कामाला वापरली होती. "माना कि", "माना कि", "माना कि", वाकडंतिकडं, खोडलेलं, एक्स इकडून तिकडं नेलेले आणि एकाचंही चिन्ह बदललेलं नाही. आणि पुढच्या बाजूला, प्रत्येक गणिताच्या कडेला, अगदी बारीक, पेन्सिल टेकवल्यासारखा एकेक आकडा.

एक गणित मी तिथंच उभ्यानं केलं. बाप चाळीसचा, मुलगा दहाचा, किती वर्षांनी बाप मुलाच्या तिप्पट होईल? कडेला बारीक पाच लिहिलेलं होतं. पाच वर्षांनी बाप पंचेचाळीस, मुलगा पंधरा. बरोबर. मागच्या बाजूला एक्सनं साडेसतरा आलं होतं. दुसरं पाहिलं, कडेचं बरोबर. तिसरं, कडेचं बरोबर. दहाच्या दहा. मला पुढे पाहवेना, तरी दहाही पाहिली.

"तुम्ही उत्तरात काय लिहिलं? पाच का साडेसतरा?"

"साडेसतरा."

"तुम्हाले माहीत होतं ना ते चूक आहे? साडेसतरा वर्षांनी बाप साडेसत्तावन्नचा, पोरगा साडेसत्तावीसचा. तिप्पट कुठं होते?"

"हो, दिसून राहिलं होतं," बाबा म्हणाले. त्यांना नीट सांगायचं होतं. "पण मनात म्हटलं, पाच त माह्या डोक्यातून आलं. माह्यं अडाण्याचं. तुह्या रीतीनं साडेसतरा येऊन राहिलं, त तेच खरं असन. मलेच दिसत नसन बरोबर."

रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं. टोमणा मारला असता तरी चाललं असतं. ते तसं काही म्हणत नव्हते, ते मला समजावून सांगत होते. मी रडायला लागली तर म्हणाले, रडू नको, तुह्यी चूक नाही, मलेच ते उणे-अधिक समजलं नाही. माय चुलीपाशी बसून होती. ती मला एक शब्द बोलली नाही, त्या दिवशी नाही, पुढे कधीच नाही. कधीकधी वाटतं, बोलली असती तर आम्ही दोघी सुटलो असतो.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला आणि ते घणावर गेले. पुढे चौदा वर्षं जात राहिले. दुसरा कान पाचव्या की सहाव्या वर्षी गेला, नेमकं सांगता येत नाही, कारण त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. आपण बोलतो ते बाबा ओठांवरून पाहून घेतात हे आमच्या फार उशिरा लक्षात आलं. पण कानाआधी दुसरी गोष्ट गेली होती. विहारातली माणसं तांदळाचं विचारायला आली, तर बाबा म्हणाले, नंदाले विचारा, ती शिकलेली आहे. मी कागद-पेन घेऊन बसली, एक्स धरला, आकडा काढला, त्या वर्षी चार पायल्यांचा भात उरला आणि गाईला घालावा लागला. पुढच्या वर्षीही त्यांनी माझ्याकडेच पाठवलं. देवांगन भैया खिडकीतून सामान देताना अडला की त्यांना हाक मारायचा, ते म्हणायचे, आता नाही होत बाबू, डोकं चालत नाही. डोकं चालत होतं. मी पाहायची ना, डोळे भिंतीकडे जायचे, आकडा यायचा, आणि ते तो गिळून टाकायचे. जेवताना मी किती वेळा पुस्तक घेऊन बसली. पुढे तर कॉलेजची पुस्तकं आणली, मुद्दाम सोपी गणितं शोधून वाचली. ते म्हणायचे, तू कर, मी पाहतो.

मी गणिताची मास्तरीण झाली. लोक म्हणतात, बापाचं नाव काढलं. मी वर्गात धरून चालायची रीतही शिकवली, आधी ती, मग एक्स, आणि कुणाला शून्य दिलं नाही, वरून बोलणी खाल्ली. त्यानं काय होते? माझ्या पोरांना फायदा झाला असेल. ज्यांचं नुकसान झालं ते माझ्या घरात खाटेवर बसून होते.

माझी पोरगी सहावीत होती तेव्हाची गोष्ट. आता तिचीच लेकरं शाळेत जातात, त्यांना मराठी समजते पण उत्तर हिंदीत देतात. बाबा तेव्हा आमच्याकडे राहायचे, माय गेली होती. पोरगी त्यांच्या खाटेवर बसून गृहपाठ करत होती, अडली. आजोबांना ऐकू येत नाही म्हणून तिनं वही त्यांच्या तोंडासमोर धरली आणि बोट ठेवून ओरडून वाचलं. बागेत आंब्याची झाडं चिंचेच्या दुप्पट, मिळून चोपन्न, तर चिंचेची किती? बाबांनी वाचलं. मी दारातून पाहत होती. त्यांनी वही तिला परत दिली आणि म्हणाले, मायले विचार.

मला काय सुचलं कोण जाणे. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, ओठ नीट दिसतील अशी, आणि मोठ्यानं म्हटलं, "सोळा." चोपन्नमध्ये चिंचा सोळा कशा होतील? सोळा आणि बत्तीस, अठ्ठेचाळीसच झाले. बाबांच्या जुन्या डोक्याला हे झोपेतही खपलं नसतं. मी थांबली. मनात म्हणत होती, म्हणा, बाबा. एकदा म्हणा, चूक आहे, सहा कमी पडले, दोन वाढव. माझ्या तोंडावर म्हणा, पोरीसमोर म्हणा.

ते माझ्याकडे पाहत राहिले. पोरगीनं पेन्सिल उचलून वहीत सोळा लिहिलं. तिच्या वहीकडे त्यांची नजर गेली, तिथं थोडी थांबली, मग परत माझ्याकडे आली.

"तू म्हणून राहिली त बरोबरच असन," बाबा म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.